पाच चौकटी आणि एक तार : सिरीयल पोर्टचा इतिहास, कोयनेपासून वजनकाट्यापर्यंत

उपकरण संगणकाला जोडलं, केबल घट्ट बसवली, सॉफ्टवेअर उघडलं आणि पडद्यावर काहीच येत नाही. किंवा येतं ते असं, की कुणीतरी कीबोर्डवर मूठ आपटली असावी. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही हा प्रकार नवा नाही. मग कुणीतरी सीनियर येतो, पोर्टच्या सेटिंगची खिडकी उघडतो आणि पाच चौकटींमध्ये आलटून पालटून आकडे बदलत बसतो. वेग, डेटा बिट्स, पॅरिटी, स्टॉप बिट्स, फ्लो कंट्रोल. कधीतरी जुळतं. का जुळलं ते कुणी विचारत नाही.

माझ्या पीएचडीच्या कामात उपकरणातून संगणकात आकडे आणणं हा रोजचा भाग आहे, त्यामुळे या पाच चौकटींशी माझी चांगलीच ओळख झाली. त्या अशा का आहेत हे शोधत गेलो तर लक्षात आलं, की प्रत्येक चौकट म्हणजे इतिहासातला एकेक निर्णय आहे. कुठल्यातरी यंत्राची कुठलीतरी अडचण होती, त्यावर कुणीतरी तोडगा काढला, यंत्र भंगारात गेलं आणि तोडगा चौकट बनून राहिला. हा इतिहास माहीत असला तर बिघाड शोधणं म्हणजे अंदाजपंचे आकडे बदलणं राहत नाही.

आणि हा विषय फक्त प्रयोगशाळेचा नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरतं बोलायचं तरी कोयनेच्या भूकंपाची वेळ, ऊस वाहून आणणाऱ्या ट्रॅक्टरचं वजन आणि डेअरीवर घातलेल्या दुधाचं फॅट, या तिन्ही गोष्टी अशाच तारांवर अवलंबून असू शकतात. तेव्हा चला, सुरुवातीपासून बघू.

तारेच्या जमान्यातली शिस्त

‘सिरीयल’ म्हणजे एकामागोमाग एक. एकच तार आहे, तिच्यावरून एका वेळी एकच खूण जाऊ शकते, म्हणून अक्षराचे तुकडे करून ते रांगेनं पाठवायचे. ही कल्पना संगणकाची नाही, तारायंत्राची आहे. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा करणारा लॉर्ड डलहौसी आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे. त्याच्याच कारकिर्दीत, १८५० च्या दशकात, भारतात तारेचं जाळं पसरलं. ती सेवा १४ जुलै २०१३ ला बंद झाली, तिची पद्धत मात्र तुमच्या संगणकात अजून चालू आहे.

मोर्सच्या पद्धतीत अक्षरांची लांबी सारखी नव्हती आणि ती ओळखायला माणसाचा कान लागायचा. फ्रान्समधल्या एमिल बोदो या तार खात्यातल्या माणसानं १८७० च्या दशकात वेगळी पद्धत आणली. प्रत्येक अक्षराला बरोबर पाच खुणा. लांबी ठरलेली असल्यामुळे अक्षर वाचायला यंत्र चालणार होतं. ‘बॉड’ हे वेगाचं एकक या बोदोच्याच नावावरून आलं. म्हणजे पहिल्या चौकटीत ९६०० लिहिताना आपण त्याचंच नाव घेत असतो.

पण यात एक गोम आहे. पाच खुणा ठरल्या, तरी पहिली खूण नेमकी कुठे सुरू झाली हे पलीकडच्या यंत्राला कळणार कसं? यावर टेलिप्रिंटर बनवणाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जो उपाय काढला तो आजही जसाच्या तसा आहे. अक्षराच्या आधी एक ‘स्टार्ट’ खूण द्यायची, म्हणजे पलीकडचं यंत्र फिरायला लागेल. अक्षर संपलं की ‘स्टॉप’ खूण द्यायची, म्हणजे ते थांबून पुढच्या अक्षराची वाट बघेल. स्टॉप बिट एक की दोन, हा प्रश्न तिथला. १९६३ साली आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्राला अक्षर छापून लोखंडी भाग जागेवर यायला वेळ लागायचा, म्हणून त्याला दोन स्टॉप बिट्स लागत. सेकंदाला ११० खुणा, अक्षराला ११ खुणा, म्हणजे सेकंदाला १० अक्षरं. आज लोखंडी भाग नाहीत, पण चौकट आहे.

दुसरी एक सवय तारेच्या दिवसांपासून आली. टेलिप्रिंटरच्या तारेवर निरोप नसतानाही विजेचा प्रवाह चालू ठेवत, कारण प्रवाह बंद पडला तर तार तुटली हे लगेच कळे. सिरीयल पोर्टही काही बोलत नसतो तेव्हा ‘१’ या स्थितीत उभा असतो आणि स्टार्ट बिट हा ‘०’ असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, मल्टिमीटर हातात घेतल्यावर ती उपयोगी पडणार आहे.

१९६० : दोन भूमिका

ज्या वर्षी महाराष्ट्र राज्य झालं आणि ‘दक्षिण सातारा’ जिल्ह्याचं नाव बदलून ‘सांगली’ झालं, त्याच वर्षी अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेनं आरएस-२३२ नावाचं मानक काढलं. १९६९ मध्ये त्याची ‘सी’ आवृत्ती आली आणि पुढची कित्येक वर्षं तीच चालली. हे मानक संगणक आणि वजनकाटा जोडायला केलेलंच नव्हतं. एका टोकाला टेलिप्रिंटर, दुसऱ्या टोकाला टेलिफोनच्या तारेवर बोलणारा मोडेम, एवढंच त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

म्हणून या मानकात दोन भूमिका ठरवल्या गेल्या. एक निरोप तयार करणारा किंवा वाचणारा, दुसरा तो पुढे पोचवणारा. टेलिप्रिंटरनं ज्या पिनवर बोलायचं, मोडेमनं त्याच पिनवर ऐकायचं. दोघांच्या भूमिका वेगळ्या असल्यामुळे सरळ केबल चालायची.

पुढे लोकांनी संगणकाला प्रिंटर, तराजू, तापमापक, काय वाटेल ते जोडायला सुरुवात केली. आता सांगा, वजनकाटा हा टेलिप्रिंटर की मोडेम? मानकात उत्तर नाही. एका कंपनीनं त्याला हे मानलं, दुसरीनं ते. दोघंही स्वतःला टेलिप्रिंटर समजत असतील तर दोघंही एकाच तारेवर बोलतात आणि दुसऱ्या तारेवर दोघंही कान लावून बसतात. पडदा कोरा. अशा वेळी दोन तारांची अदलाबदल केलेली केबल लागते. तिला ‘नल मोडेम’ म्हणतात, म्हणजे मधे नसलेल्या मोडेमची जागा घेणारी.

यात भर पडली ती जोडणीच्या आकाराची. जुन्या २५ पिनांच्या जोडणीत संगणक २ नंबरवर बोलतो आणि ३ वर ऐकतो. १९८४ मध्ये आयबीएमच्या पीसी एटी या संगणकाबरोबर ९ पिनांची जोडणी रूढ झाली, तिच्यात नेमकं उलटं : संगणक २ वर ऐकतो, ३ वर बोलतो. जमिनीची म्हणजे ग्राउंडची तार २५ मध्ये ७ नंबरला, ९ मध्ये ५ नंबरला. जुन्या केबलला नवा कनेक्टर डकवताना अर्ध्या अडचणी इथेच जन्माला येतात.

मघाची सवय इथे कामाला येते. आरएस-२३२ मध्ये ‘१’ म्हणजे उणे व्होल्टेज आणि ‘०’ म्हणजे अधिक. शांत असलेली बोलणारी पिन उणे असते. तेव्हा केबल सोडवा, मल्टिमीटरचं एक टोक ग्राउंडला लावा आणि दुसरं २ व ३ नंबरला लावून बघा. जिथे साधारण उणे ५ ते उणे १२ व्होल्ट दिसेल ती त्या उपकरणाची बोलण्याची पिन. माहितीपुस्तिका हरवली असली तरी उपकरण स्वतः सांगतं, मी इथून बोलतो म्हणून.

एक सावधगिरी. हल्लीच्या छोट्या सर्किट बोर्डांवर जो सिरीयल असतो तो ० ते ५ किंवा ० ते ३.३ व्होल्टचा असतो आणि त्यात शांतता म्हणजे अधिक व्होल्टेज, सगळं उलटं. त्याला आरएस-२३२ ची तार थेट जोडली तर बोर्ड जळू शकतो. मधे मॅक्स-२३२ सारखी चिप घालावी लागते. तिची मोठी सोय अशी, की एकाच ५ व्होल्टच्या पुरवठ्यातून ती अधिक आणि उणे दोन्ही व्होल्टेज स्वतः तयार करते.

कचरा वाचायला शिका

व्होल्टेज बरोबर, पिना बरोबर, आणि तरी पडद्यावर कचरा. इथे मला सिरीयल पोर्टचा मूळ स्वभाव सांगायचाय.

यूएसबीचं उपकरण जोडलं की ते आधी आपली ओळख सांगतं : मी कोण, कुठल्या कंपनीचं, किती वेगानं बोलणार. सिरीयलमध्ये ओळखपाळख नाही. दोन्ही टोकांनी आधीच, तारेच्या बाहेर, कागदावर किंवा तोंडी, सगळं ठरवलेलं असतं. तार तो करार वाहून नेत नाही आणि तो मोडला तर बहुतेक वेळा तक्रारही करत नाही. एका टोकानं ४८०० नं पाठवलं आणि दुसऱ्यानं ९६०० नं वाचलं, तर दुसरं टोक प्रामाणिकपणे चुकीची अक्षरं देत राहतं.

वेगात थोडी सूट असते. ऐकणारा प्रत्येक स्टार्ट बिटला आपलं घड्याळ नव्यानं जुळवतो आणि पुढच्या दहा-एक खुणांपुरतंच त्याला टिकून राहायचं असतं. त्यामुळे दोन घड्याळांत साधारण ५ टक्क्यांच्या आत फरक असेल तर चालून जातं. दुपटीचा फरक कधीच चालत नाही.

पण कचऱ्यातही अर्थ असतो. एक उदाहरण देतो, हे मला फार आवडतं. समजा उपकरण ७ डेटा बिट्स आणि सम पॅरिटी वापरतंय आणि तुमचा संगणक ८ डेटा बिट्स, पॅरिटी नाही असं ठरवून बसलाय. वेग दोघांचा एकच. मग काय दिसेल? ०, ३, ५, ६ आणि ९ हे आकडे अगदी बरोबर दिसतील आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी विचित्र चिन्हं येतील. कारण पहिल्या पाच आकड्यांच्या सात बिटांच्या संकेतात ‘१’ ची संख्या मुळातच सम आहे, म्हणून त्यांचा पॅरिटी बिट शून्य असतो. उरलेल्यांचा १ असतो आणि संगणक त्याला आठवा डेटा बिट समजून बसतो. तेव्हा काही आकडे शहाणे आणि काही वेडे दिसले तर वेगाच्या चौकटीला हात लावू नका. पॅरिटी बघा. सगळंच वेडं असेल तर वेग बघा.

ओळी एकावर एक चढत असतील किंवा उपकरण तुमची आज्ञा घेऊन गप्प बसत असेल, तर ओळ संपल्याची खूण तपासा. ‘डोकं परत डावीकडे’ आणि ‘कागद एक ओळ वर’ या टेलिप्रिंटरच्या दोन वेगळ्या हालचाली, म्हणून दोन वेगळी चिन्हं. काही उपकरणांना पहिलं पुरतं, काहींना दोन्ही लागतात आणि ती मिळेपर्यंत त्यांच्या मते तुमचं वाक्य संपलेलंच नसतं. फ्लो कंट्रोलच्या चौकटीतला ‘झॉन-झॉफ’ हाही तिथलाच. छिद्रं पाडलेली कागदी पट्टी वाचणारं यंत्र चालू आणि बंद करण्याच्या त्या खुणा होत्या. उपकरण शुद्ध बायनरी आकडे पाठवत असेल आणि ही चौकट चालू राहिली, तर त्या आकड्यांमध्ये १९ आला की संगणक त्याला ‘थांब’ समजतो आणि बोलायचं बंद करतो.

कोयना : एका सेकंदाची किंमत

आता साताऱ्याकडे येऊ. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाच्या एका भागात बसवलेल्या त्वरणमापकानं तो धक्का टिपला, ०.६३ जी इतका, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांशाहून जास्त. ती नोंद प्रकाशसंवेदी कागदावर रेषेच्या रूपात उमटली होती. रेषेवरचे बिंदू मोजून त्यांचे आकडे करावे लागले, आणि काँक्रीटच्या धरणांवर संशोधन करणारे जगभरचे लोक ती नोंद आजही वापरतात. त्या वेळी उपकरण आणि गणित यांच्यामधली तार म्हणजे माणूस होता.

कोयनेचे भूकंप त्यानंतर थांबले नाहीत. धरणात पाणी साठल्यावर होणाऱ्या भूकंपांचं जगातलं सर्वांत चर्चेतलं ठिकाण म्हणून ते ओळखलं जातं. कराडजवळ हजारमाची इथे केंद्र सरकारची प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे इथे सुमारे ३ किलोमीटर खोल विंधनविवर २०१७ मध्ये पूर्ण झालं. हे सगळं कशासाठी? तर धक्का नेमका कुठे, किती खोलवर झाला हे समजण्यासाठी.

ते समजतं वेळेवरून. निरनिराळ्या ठिकाणच्या भूकंपमापकांपर्यंत लाट किती वाजता पोचली, यातल्या फरकांवरून केंद्र काढतात. खडकातून पहिली लाट सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते. म्हणजे एखाद्या केंद्राचं घड्याळ एका सेकंदानं चुकलं, तर तिथलं अंतर ६ किलोमीटरनं चुकलं. कोयना-वारणेचा भूकंपप्रवण पट्टा सगळा मिळून साधारण ३० किलोमीटर लांब आणि २० रुंद. त्यात ६ किलोमीटर म्हणजे किती, विचार करा.

भूकंपमापकाला वेळ देतो जीपीएस. आणि जीपीएसचा रिसिव्हर वेळ सांगतो दोन तारांनी. एका तारेवर दर सेकंदाला एक ठोका येतो, अत्यंत अचूक, पण तो मुका असतो. किती वाजलेत हे सांगणारं वाक्य येतं सिरीयल तारेवरून. या वाक्यांचं मानक १९८३ चं, जहाजांवरच्या उपकरणांसाठी केलेलं, आणि त्याचा ठरलेला वेग ४८०० बॉड. अक्षराला १० खुणा, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरं. एक वाक्य जास्तीत जास्त ८२ अक्षरांचं, म्हणजे ते यायला सेकंदाचा सहावा हिस्सा जातो. रिसिव्हरला अशी सहा लांब वाक्यं दर सेकंदाला पाठवायला सांगितलं तर ४९२ अक्षरं होतात. ती सेकंदात मावत नाहीत, वाक्यं मागे पडत जातात आणि एका ठोक्याचं वाक्य पुढच्या ठोक्याला चिकटू शकतं. ठोका बरोबर, वाक्य बरोबर, जोडी चुकीची. घड्याळ बरोबर एका सेकंदानं मागे. कुठेही लाल दिवा लागत नाही. अशा वेळी नको असलेली वाक्यं बंद करणं किंवा वेग वाढवणं, इतका साधा उपाय असतो, पण आधी हा हिशेब करून बघायला हवा.

काटा : शिळा आकडा

कृष्णेच्या काठानं खाली सांगलीकडे आलो की तारेच्या टोकाला वजनकाटा असतो. उसाच्या पट्ट्यात ‘काटामारी’ हा शब्द लहान मुलालाही ठाऊक आहे. साखर कारखान्यांच्या काट्यांवर शेतकरी संघटनांनी किती आंदोलनं केली ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंच असेल. त्या आरोपांची शहानिशा हा माझा विषय नाही. मला फक्त एवढंच दाखवायचंय, की कुणाच्याही मनात पाप नसताना तारेवर आकडा कसा बिघडू शकतो.

गाडी काट्यावर उभी राहते. खालच्या लोडसेलवर भार पडतो, केबिनमधल्या डब्यावर वजन दिसतं आणि तिथून सिरीयल तारेनं ते संगणकात जातं. संगणक भरलेलं वजन घेतो, गाडी रिकामी होऊन आली की रिकामं वजन घेतो, वजाबाकी करतो आणि पावती छापतो. काट्याची सरकारी पडताळणी प्रमाणित वजनं ठेवून होते. शेतकऱ्याचे पैसे मात्र पावतीवरून होतात. या दोन आकड्यांच्या मधे तार आहे.

बरेच काटे कुणी विचारलं नाही तरी सेकंदाला अनेकदा आपलं वजन सांगत राहतात. संगणकाचं ऐकलेलं सगळं आधी एका रांगेत साठतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं ‘वजन घ्या’चं बटण दाबल्यावर रांगेतला पहिला आकडा उचलला, तर तो आत्ताचा नसतो. गाडी काट्यावर चढत असतानाचा असू शकतो, नाहीतर आधीच्या गाडीचा. आकडा दिसायला एकदम खरा. तारही बरोबर, पाचही चौकटी बरोबर. उपाय : वाचण्याआधी रांग रिकामी करायची, मग एक पूर्ण वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायचं, आणि काटा ‘स्थिर’ अशी खूण पाठवत असेल तर ती आल्याशिवाय वजन घ्यायचं नाही.

दुसरा प्रकार तारेवरच्या खरखरीचा. ‘३’ चा संकेत ०११००११ आणि ‘७’ चा ०११०१११. फक्त एका खुणेचा फरक. जवळच मोठी मोटर सुरू झाली आणि एक खूण पलटली, तर १३ टनांचे १७ होऊ शकतात किंवा १७ चे १३. पॅरिटीची चौकट नेमकी याच्यासाठी होती : एक खूण पलटली तर सम-विषमचा हिशेब बिघडतो आणि चूक पकडली जाते. पण आज जिकडेतिकडे ‘८ बिट्स, पॅरिटी नाही, १ स्टॉप’ हेच चालतं. पॅरिटी नसेल तर वाक्याच्या शेवटी बेरजेची पडताळणी हवी, जशी जीपीएसच्या वाक्यात असते. तीही नसेल तर पलटलेला आकडा ओळखायला कुणीच नाही. २०२४-२५ च्या हंगामात उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती. एक टन इकडचं तिकडे म्हणजे ३,४०० रुपये.

तिसरा मुद्दा अंतराचा. आरएस-२३२-सी मध्ये केबलची लांबी ५० फूट, म्हणजे १५ मीटरच्या आसपास धरलेली आहे. काट्याची केबिन एकीकडे आणि ऑफिस आवाराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर तार ताणत न्यायचा मोह होतो. शिवाय दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असला की तो सगळा त्या ग्राउंडच्या तारेवर येतो, आणि वळवाच्या विजा वेगळ्याच. १९८३ साली आलेलं आरएस-४८५ अशाच जागांसाठी आहे. त्यात दोन तारांमधला फरक वाचतात, त्यामुळे दोन्हीवर सारखी पडलेली खरखर वजा होऊन जाते आणि सुमारे १,२०० मीटरपर्यंत मजल जाते.

डेअरीवरही असंच. पहाटे रांग लागलेली, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला फॅटचं मशीन, आणि गायीच्या दुधाचा दर ठरतो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून. मशीनवरचा आकडा आणि चिठ्ठीवरचा आकडा वेगळा दिसला तर उत्पादकानं तो विचारलाच पाहिजे. त्याच्या आधीच्या माणसाचा फॅट त्याच्या नावावर पडला असेल, तर तोही शिळ्या आकड्याचाच प्रकार असू शकतो.

यूएसबी आलं, तरी

१९९६ मध्ये यूएसबी आलं आणि हळूहळू लॅपटॉपवरची ९ पिनांची जोडणी गेली. उपकरणं मात्र गेली नाहीत. म्हणून आपण मधे ‘यूएसबी टू सिरीयल’ केबल लावतो. त्या केबलमध्ये एक चिप असते आणि तिला ड्रायव्हर लागतो, म्हणजे बिघडायला अजून एक जागा.

इथलाही इतिहास मोठा गमतीचा आहे. या चिपांच्या नकला बाजारात भरमसाट झाल्या. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये एफटीडीआय या कंपनीचा एक ड्रायव्हर विंडोजच्या अपडेटमधून आला, त्यानं नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला आणि लोकांच्या चालत्या केबली रातोरात बंद पडल्या. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. काही जुन्या चिपांना नवे ड्रायव्हर ओळखत नाहीत, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसतं. केबल दुसऱ्या भोकात लावली की पोर्टचा नंबर बदलतो आणि जुनं सॉफ्टवेअर नऊच्या पुढचा नंबर स्वीकारत नाही, हेही नेहमीचं. नंबर डिव्हाइस मॅनेजरमधून हातानं बदलता येतो.

मग शोधायचं कसं?

इतिहास ज्या क्रमानं घडला त्याच क्रमानं, फक्त संगणकाच्या बाजूनं सुरुवात करून.

१. आधी आपलं टोक. उपकरण काढून ठेवा, केबलच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेच्या तुकड्यानं जोडा, फ्लो कंट्रोल बंद ठेवा आणि टर्मिनलमध्ये काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं परत आलं तर चिप, ड्रायव्हर, पोर्ट नंबर सगळं ठीक. नाही आलं तर उपकरणाला दोष देऊ नका.

२. मग भूमिका. मल्टिमीटरनं दोन्ही टोकांची बोलणारी पिन शोधा. दोन्हीकडे एकच नंबर निघाला तर नल मोडेम केबल.

३. मग वेग, आणि त्यानंतर डेटा बिट्स व पॅरिटी. एका वेळी एकच चौकट बदला आणि कचऱ्याचा प्रकार बघा.

४. मग फ्लो कंट्रोल आणि ओळ संपल्याची खूण.

५. सगळ्यात शेवटी, आकडे येऊ लागले की, ते खरे आहेत का ते तपासा. उपकरणाच्या पडद्यावरचा आकडा आणि संगणकातला आकडा शेजारी ठेवून, भार बदलत, वीस-पंचवीस वेळा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, कारण आकडे दिसू लागले की हायसं वाटतं आणि काम संपल्यासारखं होतं.

शेवटची विनंती. जुळलेली सेटिंग्ज उपकरणाच्या पाठीवर चिकटवून ठेवा : वेग, बिट्स, पॅरिटी, स्टॉप, फ्लो, केबल सरळ की उलटी, आणि तारीख. यूएसबी आपली ओळख स्वतः सांगतं, सिरीयल सांगत नाही, त्यामुळे तो करार कुणीतरी लिहून ठेवला तरच टिकतो. माहितीपुस्तिका हरवतात, सीनियर नोकरीला लागून निघून जातात, काट्यावरचा ऑपरेटर बदलतो. पाठीवरची चिठ्ठी मात्र पुढच्या माणसाला सापडते.